लढाई संपली का, आबा?

दि. ९ डिसेंबर २०२५, मंगळवार

चि. बेबीनंदा हिला,
तातेरावदादाचे आशीर्वाद. दाजींना नमस्कार सांग, त्यांची शुगर आता किती असते ते कळव.

इकडे तूर चांगली भरली आहे. मोसंबीची फळगळ यंदा फार झाली, पण झाडं टिकून आहेत. तुझ्या वहिनीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले, आता भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. तुझा भाचा आदिनाथ दिवाळीला चाकणहून आला होता, तीन दिवस राहून गेला.

माय बरी आहे. सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाते. हाताचं प्लास्टर अजून पंधरा दिवस ठेवायचं आहे. न्हाणीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट गेलं. या वयात हाडात काही जीव राहत नाही, असं जालन्याचे डॉक्टर म्हणाले.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. अडतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, पण घरच्या माणसाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. त्या दिवशी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला जमत नाही.

तू तो व्हिडिओ पाहिलास. तुझ्या नणदेनं पाठवला म्हणालीस. लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप, आत माय, गळ्यात हात बांधलेला, आणि ती म्हणते, "मला सोडा हो." एवढंच दोन मिनिटांचं आहे त्यात. ते पाहून तुला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. पण दार कसं आलं ते तरी ऐक.

श्रावणात पहिल्यांदा ती निघून गेली. आपल्या गावाच्या पूर्वेला जो नवा मोठा रस्ता झाला ना, त्याच्या कडेला उभी होती. पदरात लिंबं. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून तिला गावात आणून सोडलं. माय चौऱ्याण्णवची, पण पाय पन्नाशीच्या बाईचे. त्यानंतर पंधरा दिवसांत चारदा गेली. चौथ्या वेळी ती रस्त्याकडेच्या तारेच्या जाळीपलीकडं, थेट गाड्यांच्या बाजूला सापडली. कुठून आत शिरली कोण जाणे. गाड्या तिथून कशा जातात ते तू पाहिलं आहेस. 

आम्ही सगळं करून पाहिलं. शेजारच्या साधनाला दिवसभर बसवलं. ती बिचारी दोन आठवडे बसली, मंग तिला कापसाच्या वेचणीला जावं लागलं. डॉक्टरांनी गोळी दिली. त्या गोळीनं माय दोन दिवस झोपली, अंथरुणात भिजली, तिला तोंडात घास धरता येईना. वहिनीनं गोळी उकिरड्यावर फेकून दिली. तुझ्याकडं तिसऱ्या मजल्यावर ती मागं आठ दिवससुद्धा राहिली नव्हती, तूच तिला रडत आणून सोडलं होतंस. वहिनीला पळता येत नाही. मी शेतात गेलो की घरात दुसरं कोणी नाही. म्हणून ओसरीवरच्या खोलीला जाळीचं दार बसवलं. जाळीचं एवढ्यासाठी की तिला उजेड यावा, गल्ली दिसावी. सकाळी दहा ते चार कुलूप. बाकी वेळ उघडं.

पहिल्या दिवशी मी कुलूप लावलं आणि तिनं जाळी धरली. म्हणाली, "आबा, दार उघडा."

आबा म्हणजे तिचे वडील. आपण तर त्यांना पाहिलंही नाही.

"माय, मी तात्या हाये," मी म्हणालो.

"आबा, लिंबं वाळून चालली. मी आत्ता जाते आन् आत्ता येते. त्याच्याशी बोलणार न्हाई. तारेतून देते आन् माघारी येते."

मला वाटलं, वयामुळं बडबडते. रोज तेच. मी रोज कुलूप लावायचो आणि सायकल काढायचो.

तुला कँपाची गोष्ट आठवते का? माय आपल्याला सांगायची. गावातली सगळीच म्हातारी माणसं सांगायची. मोठ्या लढाईत इंग्रजांनी पकडलेले इटलीचे कैदी आपल्या गावाबाहेर तारेच्या कुंपणात ठेवले होते. ते तंबूपुढं टमाटे लावायचे, दिवस मावळताना गाणी म्हणायचे. जालन्याच्या झुंबरलाल शेटजींच्या गाड्या त्यांना धान्य टाकायच्या आणि आबा म्हशीचं दूध घालायचे. गावात ती गोष्ट हसत सांगतात. गोरे कैदी भाकरी बघून कसे तोंड वाकडं करायचे, मिरची खाऊन कसे पळायचे. मीही एसटीत माणसांना ती हसत सांगितली आहे.

ऑक्टोबरात झुंबरलाल शेटजींची पणती आली, रुचि नावाची. संभाजीनगरला कॉलेजात शिकते. कँप आठवणारी माणसं शोधत होती. गावात आता दोघंच उरलेत, माय आणि भिवाकाका. मी तिला म्हणालो, माय भ्रमिष्ट झाली आहे, काही उपयोग होणार नाही. ती म्हणाली, "काका, मी बसते फक्त." पोरगी गुणी आहे, तिला दोष देऊ नकोस. जाळीबाहेर पोत्यावर बसली आणि मोबाइल चालू केला. मी पायरीवर होतो. किल्ली खिशात होती.

माय तासभर बोलली. बेबी, इतकं सलग ती आपल्याशी जन्मात बोलली नव्हती.

ती बारा वर्षांची होती. रोज आबांबरोबर दुधाची किटली घेऊन कँपावर जायची. आबा फाटकावर दूध मोजून द्यायचे, तोवर ती कोपऱ्यावर तारेपाशी उभी राहायची. तिथं एक जण यायचा. त्याचं नाव ती 'ज्यानी' असं सांगते. लाल केसांचा, तिच्या मोठ्या भावाएवढा. त्याला ताप यायचा, एक दिवसाआड, थंडी वाजून. एकदा त्यानं आपल्या कपाळाला हात लावून दाखवला आणि काहीतरी मागितलं. तिला शब्द लिंबासारखा ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तिनं परसातली दोन लिंबं नेली. त्यानं तारेतून हात घालून घेतली आणि सालासकट खाल्ली. मंग ती रोज नेऊ लागली. त्याला आपला शब्द आला. तिला बघितलं की लांबूनच "लिंबू, लिंबू" म्हणायचा.

"एक दिवस तो उभा राहू शकत नव्हता," माय म्हणाली. "तारेला धरून बसला. मी म्हणलं, उद्या जास्ती आणते. बोटानं दाखवलं, उद्या. त्याला कळलं."

"मग?" रुचिनं विचारलं.

"मंग काय. कोणीतरी आबाला सांगितलं, तुझी पोरगी गोऱ्याशी बोलते. माझं लगीन ठरल्तं. आबानं मला धान्याच्या खोलीत कोंडलं. आठ दिवस. लिंबं पदराच्या वट्यात तशीच व्हती."

"आणि त्याचं काय झालं, आजी?"

मायनं तिच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आबाला विचार. आबा दार उघडत न्हाई."

त्या दिवशी मी रुचिला बसस्टँडवर सोडून आलो. घरी आलो तर माय जाळीला धरून उभी होती.

"लढाई संपली का, आबा?"

मी म्हणालो, "संपली, माय. कवाच संपली."

"मंग त्यांना सोडलं?"

"सोडलं. समदे आपापल्या घरी गेले."

 मंग म्हणाली, "मंग मला कामून ठिवलं?"

बेबी, मी कुलूप काढलं आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी भिवाकाकांकडं गेलो. ते आता ऐकत नाहीत, कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. त्यांचा बाप कँपाला जळण घालायचा, हेही त्याच्याबरोबर जायचे. मी विचारलं, लाल केसांचा कैदी आठवतो का? त्यांनी लगेच मान हलवली.

"त्या कोपऱ्यावर बसायचा. चार दिवस बसला. मी जळण घेऊन गेलो की मला म्हणायचा, लिंबू. मी म्हणायचो, माझ्याकडं न्हाई बाबा. पाचव्या दिवशी बैलगाडीत घालून नेलं त्याला. वरून कापड टाकल्तं."

"तुम्ही मायला सांगितलं न्हाई?"

"कामून सांगायचं? तिचं लगीन व्हतं. मंग ती दोन गल्ल्या सोडून तुमच्या घरात आली, लेकरं झाली. मंग काय सांगायचं?"

ब्याऐंशी वर्षं हा माणूस मायच्या दारावरून ये-जा करत होता. तिनंही कधी विचारलं नाही.

एवढं लिहून आज थांबतो. वहिनी हाका मारते आहे.

दि. १२ डिसेंबर, शुक्रवार

पत्र तीन दिवस तसंच उशीखाली होतं. पोस्टात टाकायला परवा घेऊन निघालो आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो. कारण वर जे लिहिलं आहे त्यात एक गोष्ट खोटी आहे.

माय न्हाणीत पडली नाही.

तू फोनवर सगळं बोलून झाल्यावर एकच प्रश्न विचारलास. "दादा, हात कसा मोडला?" डॉक्टरांनी विचारलं नाही. रुचिनं दुसऱ्या खेपेला प्लास्टर पाहिलं, मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. त्याच खेपेचा तो व्हिडिओ तिनं मायेपोटीच टाकला होता, बोभाटा झाल्यावर काढून टाकला आणि माझ्यासमोर रडली. तिला वाटतं चूक तिची आहे आणि मी तिला तसं वाटू दिलं. तू तेवढी म्हणालीस, खरं सांग. आणि मी फोन ठेवला. त्यानंतर तुझे अकरा फोन आले. मी एकही उचलला नाही. वहिनीलाही उचलू दिला नाही, रेंज नाही म्हणायला लावलं.

भिवाकाकांकडून आलो त्यानंतर आठ दिवस मला शेतात मन लागेना. कुलूप लावताना हात थांबायचा. मी आबा झालो होतो. मायला त्या खोलीत मी पुन्हा कोंडलं होतं. मला वाटलं, तिला एकदा तिथं नेऊन आणावं. एकदा लिंबं देऊन होऊ द्यावीत, मंग तिचं मन शांत होईल. वहिनी म्हणाली, नका नेऊ. मी ऐकलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी तिला नवं लुगडं नेसवलं. पाच लिंबं तिच्या वट्यात दिली. बसत बसत अर्ध्या तासात पोचलो. सगळ्या वाटेनं ती माझ्याशी बोलत होती, तूर बघून म्हणाली, औंदा चांगली आली. मला वाटलं, आपण फार शहाणपणाचं काम केलं.

कँपाची खूण आता काही नाही, तिथूनच तो नवा रस्ता गेला आहे. पण त्या रस्त्याच्या कडेला तारेची जाळी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं जाळी बघितली आणि ती धावलीच. एकेक लिंबू तिनं भोकातून पलीकडं घातलं. मंग उभी राहिली.

"येईल," म्हणाली.

गाड्या जात होत्या. धूळ उडत होती. एक तास गेला. मी म्हणालो, "माय, चल आता."

"तो उठू शकत न्हाई. हळू हळू येईल."

दोन तास गेले. ऊन चढलं. मी पाणी पाजलं, तिनं जाळीवरचा हात न काढता प्यायलं. मी सांगून पाहिलं की तो आपल्या घरी गेला, त्याच्या आईकडं गेला. ती म्हणाली, "मी उद्या येते म्हणलं व्हतं. मी आले न्हाई." तेव्हा मी सांगून टाकलं, बेबी. म्हणालो, तो मेला माय, पाचव्या दिवशी मेला, भिवाकाकानं बघितलं. मला वाटलं, खरं सांगितलं की येईल. तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. जाळीतून हाक मारली, "लिंबू." बारीक आवाजात. थांबली, परत मारली.

मागं दोन मोटरसायकलवाले थांबले. एकानं मोबाइल काढला. मला लाज वाटली, राग आला. कोणाचा राग, ते मला अजून सांगता येत नाही. मायचा होता, त्या पोरांचा होता, तुझाही होता, की तू नाशकात आणि मी इथं. मी तिची बोटं जाळीतून सोडवली. तिनं परत धरली. मी मनगट धरून ओढलं. जोरात ओढलं. अडतीस वर्षं मी दारूड्यांना बसमधून उतरवलं आहे, तसं ओढलं. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं, ऐकूही आलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "येते आबा. मी येते. मारू नका."

मी तिला उचलून घेतलं. वजन काहीच नाही तिचं.  त्या मोटरसायकलवाल्यांनीच पुढं येऊन आम्हाला गाडीवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. भली पोरं होती. तिथं मी न्हाणीचं सांगितलं. ती दोघं माझ्याकडं बघत राहिली.

झालं ते असं आहे. माफ कर असं लिहिणार होतो, पण माफी मागायची ती तुझ्याजवळ नाही आणि जिच्याजवळ मागायची तिला मी कोण ते माहीत नाही. दोन-तीनदा मी तिच्या पायाशी बसून बोललो. ती घाबरून पाय पोटाशी घेते.

आधी ती रोज दार उघडा म्हणायची, मला त्याचा त्रास व्हायचा. त्या व्हिडिओत म्हणाली ते शेवटचं. त्यानंतर ती काही मागत नाही. पाणीसुद्धा मागत नाही, वहिनीनं दिलं तर पिते. मी खोलीत गेलो की उठून उभी राहते आणि मी बस म्हणेपर्यंत बसत नाही. आपली माय, बेबी.

मंगळवारी हे पत्र अर्धं लिहिलं आणि उठून कुलूप काढलं. ठरवलं, शेताचं काय व्हायचं ते होवो, मी ओसरीवर बसून राहीन. ती निघाली तर मागं मागं जाईन, जाईल तिथपर्यंत, थांबेल तेवढा वेळ. हात लावणार नाही. तुरीचं कोणाला तरी अर्ध्या वाट्याच्या बटाईनं सांगेन. वहिनी म्हणाली, असं किती दिवस बसणार? मला माहीत नाही.

काल दुपारी वहिनी तिला म्हणाली, "आत्याबाई, दार उघडं हाये, या बाहेर, उन्हात बसा."

मायनं हळूच विचारलं, "आबाला इचारलं का?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी उठून अंगणात गेलो, तिला दिसणार नाही असा. तरी ती आली नाही.

तुला ये म्हणायचा मला हक्क नाही आणि येऊ नको म्हणायचाही नाही. आलीस तर ती तुला ओळखेल की नाही सांगता येत नाही. तुझ्या हातून कदाचित खाईल. पोलिसात जायचं असेल तर जा, मी जे घडलं तेच सांगेन. आता फोन उचलेन.

आज चौथा दिवस. दार सताड उघडं आहे. ती उंबऱ्यापर्यंत येते, माझ्याकडं बघते आणि परत आत जाऊन बसते.

तू आजवर ज्याला दादा म्हणत आलीस तो,
तातेराव